कोवळ्या भाताचा हिरवा

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥

कोल्हापूर,
ता. १४ जून १९७४

वसंतभावजी,

वडील भावजय म्हणून पत्राच्या डोक्यावर आशीर्वाद लिहायचा मान माझा आहे. या खेपेला तो शिल्लक ठेवते. घरखर्च लिहिणाऱ्या बाईला शिल्लक ठेवायची सवय असते.

तुमचं पत्र काल पोचलं. तुमचे दादा गेले त्याला महिना होत आला. पहिल्या दोन ओळी दुःखाच्या आहेत, त्या वाचल्या. पुढचं दीड पान घड्याळांचं आहे, तेही वाचलं. डब्यात डांबराच्या गोळ्या टाकू नयेत, पावसाळ्यात डबा जमिनीवर ठेवू नये, कुणा घड्याळजीला उघडू देऊ नये, रोज किल्ली द्यावी पण जोर लावू नये. भावजी, तीन महिने ते खाटेवर होते. त्यांना काय खायला द्यावं, कूस कशी बदलावी, याची एक ओळ जरी तुमच्याकडून आली असती, तरी मी ती देव्हाऱ्यात ठेवली असती.

रजा मिळाली नाही म्हणता. ते दवाखान्यात होते तेव्हा मिळाली नाही, तार पोचली तेव्हा मिळाली नाही, दहाव्याला नाही, तेराव्याला नाही. विम्याच्या कचेरीत मरणाचेच कागद रोज तुमच्या हाताखालून जातात, तरी घरचं मरण समजलं नाही, याचं नवल वाटतं. आम्हाला मुलगा नाही हे तुम्हाला ठाऊक होतं. शेवटी कोडोलीहून तुमचे चुलतभाऊ यज्ञूभावजी आले. सुटीतल्या शिकवण्या बंद ठेवून आले. त्यांनीच अग्नी दिला आणि पुढचंही सगळं त्यांनीच केलं.

सरू बरी आहे. विचारलं नाहीत, तरी सांगते. अकरावीला गेली.

हे क्वार्टर सरकारी. दिवाळीपर्यंत सोडायचं आहे. साहेब लोक भले आहेत, घाई करत नाहीत, पण यांच्या जागी आलेले नवीन ओव्हरसियर परवा बायकोला घेऊन आले आणि बाईंनी माझ्याच देखत मोरी मापली. मी कसबा बावड्याला दोन खोल्या पाहिल्या आहेत, साखर कारखान्याच्या अलीकडे. मालक अनामत मागतो. या घरात विकण्याजोगं आहे ते एकच, तुमच्या दादांचा बिस्किटाचा डबा. आत रंगीत तबकड्यांची एकोणीस घड्याळं आहेत. ती मी विकणार आहे. मागून कानावर जायला नको, म्हणून आधी कळवते.

किल्ली रोज देते. नैवेद्य झाला की देते. जोर लावत नाही.

तुमची वहिनी, अजून तरी,
कालिंदी


कोल्हापूर,
ता. ५ जुलै १९७४

वसंतभावजी,

"वहिनी, तुम्हाला त्यातलं काय कळतं? भंगाराच्या भावानं घालवाल. दादानं मला तोंडी सांगितलं होतं, डबा माझा." हे तुमचे शब्द. तुमच्या शाईतले जसेच्या तसे उतरवले आहेत.

काय कळतं ते लिहिते.

तुम्ही दोघे भाऊ त्या रंगांची इंग्रजी नावं घेत होतात. मला रंग लुगड्यावरून कळतात. डब्यात एक अबोली आहे, दोन डाळिंबी आहेत, एक मोरपिशी, एक चिंतामणी. एक आमसुली आहे. ते मुळात काळं होतं आणि कुणाच्या मनगटावर ऊन खाऊन खाऊन तसं झालं. मला ते विटलेलं वाटायचं, तर हे म्हणायचे, "अगं, हे मुद्दाम करून होत नाही, हे नशिबानंच होतं." इकडे माझी लुगडी दोन, एक अंगावर, एक दांडीवर, दोन्ही मातकट. चिंतामणी रंग आमच्या घरात आला तो रुपयाएवढ्या तबकडीवर. डब्याला आतून अस्तर आहे ते माझ्या लग्नातल्या खणाचं. त्यांनी मागितलं, मी उसवून दिलं. आता कुंकू पुसल्यावर या घरात रंग म्हणून राहिला आहे तो त्या डब्यात.

घड्याळ आलं की हिशेबात मी ते "किरकोळ" म्हणून लिहायची. तुमचे दादा वाचून हसायचे. "कालिंदी, आपल्या घरात किरकोळच सगळ्यात मोठं." बाहेर त्यांना दारू नव्हती, पत्ते नव्हते, तमाशा नव्हता. माझी आई म्हणायची, नशीबवान आहेस. मीही स्वतःला तसंच सांगायची.

आणि हिरवं. ते आलं तेव्हा मी तिथं होते, तुम्ही नव्हतात. सदुसष्ट सालच्या चैत्रात आम्ही जोतिबाला गेलो आणि येताना कोडोलीला यज्ञूभावजींकडे उतरलो. शेजारी हंबीरराव म्हणून पेन्शनीतले हवालदार. कट्ट्यावर बसले होते, मनगटावर ते घड्याळ. तुमचे दादा बोलायचे थांबले आणि नुसते बघत राहिले.

हवालदार म्हणाले, "काय बघतायसा पावणं? येळ इचारायची तर इचारा की!"

"वेळ नको. घड्याळ बघतोय."

"ह्ये? ह्ये बंद हाय. इटलीत एका गोऱ्यानं दिल्यालं, बाटलीभर पान्याच्या बदल्यात. त्यो गेला, म्या ऱ्हायलो. तवापास्नं बंद."

"द्याल?"

"बंद घड्याळ घिऊन काय करनार? सायेब हायसा का येडं?"

आतून त्यांच्या चिमणाबाईंचा आवाज आला, "द्या की वो! मेल्या मानसाचं घालून बसत्यात न्हवं रोज. पर त्येंच्या कारभारनीला इचारा आदी."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. चारचौघांत मी काय बोलणार? मान हलवली. बदल्यात आमच्या घरातलं गजराचं घड्याळ गेलं. तेव्हापासून सरूला शाळेला उठवायचा गजर म्हणजे मी.

घरी आणून त्यांनी ते स्वतः चालू केलं. गगनबावड्याकडे आषाढात तरव्यातलं भाताचं रोप बोटभर वर येतं, तसा त्याचा रंग. "कोवळ्या भाताचा हिरवा" असंच ते म्हणायचे. आणि हे कळायला भंगारवाला लागत नाही, की त्या दिवसांत डब्यातलं एकही घड्याळ ते कधी अंगावर घालत नसत. मनगटावर कायम माझ्या वडिलांनी लग्नात दिलेलं, पांढऱ्या तबकडीचं. रंगीत असतील ती रविवारी बाहेर काढायची, उन्हात बघायची, पुसायची, ठेवायची. घामाचा थेंब लागू द्यायचा नाही.

एकोणसत्तरच्या गणपतीत तुम्ही आलात. "दादा, हे मुंबईला चांगल्या कारागिराकडून साफ करून आणतो" म्हणालात. माझ्या देखत रुमालात गुंडाळलंत. दिवाळीला परत आणून दिलंत. फार जपून आणलंत.

असो. गुजरीतले एक सराफ डबा बघायला येणार आहेत. त्यांना असल्या घड्याळांचा नाद आहे. तोंडी सांगितल्याचं म्हणाल, तर तोंडी पुष्कळ गोष्टी सांगितल्या जातात. "दादा, तुमच्यासाठी जीव देईन" हेही तोंडीच होतं.

कालिंदी


कोल्हापूर,
ता. ९ ऑगस्ट १९७४

वसंतभावजी,

यज्ञूभावजींनी तुम्हाला घाटावरची हकीकत कळवली. आता तुम्ही लिहिता, "वहिनी, पिंडासमोर दिलेला शब्द तुम्ही माझ्यापासून लपवलात. तुमच्यासारख्या देवभोळ्या बाईनं!"

तो माझ्या तोंडून निघत नव्हता. आज लिहून टाकते, म्हणजे तुम्हालाही कळेल का निघत नव्हता.

आम्ही बायका घाटावर जात नाही. मला सांगितलं ते केरबाने. दादांचा शिपाई केरबा, त्यांच्या सायकलीमागे पंधरा वर्षं सायकल हाणत होता. दहाव्याला पंचगंगेवरून परत आला तो परसदारी उभा राहिला, टोपी हातात. तोंडावर आनंद मावत नव्हता.

"वैनीसाब, झालं बगा! पिंड ठिवला तर कावळं पिंपळावर ह्यो घोळका, पर एक बी खाली यीना. यज्ञूबापू म्हनलं, सरूताईला शिकवू, चांगल्या घरात दिऊ, काळजी सोडा. न्हाय. मग म्हनलं, वैनीसाबास्नी काय बी कमी पडू देनार न्हाय. त्ये बी न्हाय. ऊन चढाय लागलं. भटजी म्हनलं, दर्भाचा कावळा करू आन् उरकू. म्या म्हनलं, वाईच थांबा. म्होरं झालो आन् म्हनलं, सायेब, त्ये हिरवं घड्याळ वसंतरावास्नी दिऊ! त्वांडातनं शबुद जातोय न जातोय तवर झेप घाटली की वो त्येनं!"

मी त्याला चहा दिला. बशीत ओतून प्याला, कप विसळून पालथा घालून गेला. मग मी मोरीत जाऊन बसले.

भावजी, संसारात त्यांच्यासाठी मी चातुर्मास केले, सोळा सोमवार केले, आजारात त्यांच्या उशाशी बसून पोथीची पारायणं केली. खाटेवरचं सगळं माझ्या हातांनी काढलं. आणि माझ्या नावाला कावळा पिंपळावरून हलला नाही. पोटच्या पोरीच्या नावाला हलला नाही. हे पत्रात कसं लिहायचं असतं, ते तुम्ही सांगा. तुम्हाला लिहिता चांगलं येतं.

केरबाला ते कसं सुचलं, असंही तुम्ही विचाराल. शेवटी शेवटी ते हिरवं घड्याळ कानाशी धरून पडून असायचे आणि केरबा आला की एकच विचारायचे, "वसंताचं काही आलं का रे?" केरबा दर खेपेला म्हणायचा, "येतंय की सायेब, टपालवाला लांब ऱ्हातोय."

शब्द मी दिलेला नाही, पण तो माझ्या माणसाच्या पिंडासमोर गेलेला आहे. तो मी मोडणार नाही. हिरवं घड्याळ तुमचं. सराफांनी त्याचं नाव काढलं तरी दाखवणार नाही.

मात्र बाकीची अठरा तुमची नव्हेत. "घड्याळ म्हणजे अर्थात डबा" असं तुम्ही म्हणता. मी केरबाला दोनदा विचारलं. दुसऱ्या वेळी तो रागावलाच. "हिरवं म्हनलो, वैनीसाब! डबा कुटं म्हनलो? कावळ्याला काय डबा दिसतोय व्हय?"

तेव्हा या आणि घेऊन जा. टपालाने पाठवणार नाही. ज्या घरच्या दहाव्याला आला नाहीत, त्याची पायरी एकदा चढा. जेवायला घालीन. बोलणार नाही काही.

कालिंदी


कोल्हापूर,
ता. २७ ऑगस्ट १९७४

वसंतभावजी,

कचेरीत तपासणी आहे, येता येत नाही, यज्ञेश्वर मुंबईला येतोच आहे त्याच्याबरोबर द्या. बरं.

अधिक महिना चालू आहे, दानाला चांगला. पाटावर घड्याळ ठेवलं, वर तुळशीपत्र ठेवलं आणि पळीभर पाणी सोडलं. यज्ञूभावजी दचकले. "वहिनी, अहो घड्याळावर पाणी?" मी म्हटलं, "या घड्याळानं पाणी बघितलेलं आहे." त्यांना काही उमगलं नाही. रुमालात गुंडाळून देताना केरबाला समोर उभं केलं होतं. शब्द त्याच्या तोंडचा होता, तो फिटलेला त्यानं बघावा म्हणून.

सराफ येऊन गेले. एकेक घड्याळ खिडकीशी नेऊन बघत होते, अगदी तुमच्या दादांसारखे. मला बघवेना, मी आत जाऊन उगीच तांदूळ निवडत बसले. मग हाक आली.

"वहिनी, यात ते हिरवं कुठं आहे? साहेब सांगायचे."

"ते दिलेलं आहे."

"अरेरे. मग डब्याचा जीव गेला म्हणा की."

"जीव गेलेल्या घरातच आला आहात तुम्ही. उरलेल्याचं बोला."

त्यांनी आकडा सांगितला. मी माझा सांगितला. ते म्हणाले, "बाई, अंबाबाईच्या दारात दुकान आहे माझं, खोटं नाही सांगत." मी म्हटलं, "मीही तिचीच ओटी भरत होते हो, कालपरवापर्यंत. बघा काय ते." शेवटी हसले बिचारे. "आजवर मी बायाबापड्यांना घासलं. आज मला घासणारी भेटली." रास्त दिलं त्यांनी. तरी अनामतीला कमी पडलं, ते माझ्या पाटल्या त्यांच्याकडेच गहाण ठेवून भरलं. हिरवं असतं तर पाटल्या हातात राहिल्या असत्या, इतका हिशेब मलाही येतो.

माझ्या वडिलांचं पांढरं त्यांनी उचललंसुद्धा नाही. ते आता सरूच्या हातात आहे. मोठं होतं, पट्ट्याला आणखी एक भोक पाडलं.

घड्याळ पोचल्याचं कळवा. बाकी तुमचं माझं काही राहिलेलं नाही.

कालिंदी


कोल्हापूर,
ता. २० ऑक्टोबर १९७४

वसंतभावजी,

नवरात्र चालू आहे. देवळात जाता येत नाही, कळसाला हात जोडते. अशा दिवसांत वाईट लिहू नये, पण तुम्ही वाट पाहिली नाहीत, मीही पाहत नाही.

तुम्ही लिहिता, हे दादाचं घड्याळ नव्हे. बाहेरचा धातूचा खोका तोच आहे, पण तबकडी रंगवलेली आहे, रंगाचे पोपडे गेले आहेत. खरी तबकडी वहिनींनी सराफाला विकली आणि पिंडासमोरचा शब्द खोट्या मालावर भागवला. मला लिहून तुमचं भागलं नाही, कोडोलीलाही कळवलंत. मंगळवारी शालूजाऊबाई येऊन गेल्या, यज्ञूभावजींच्या घरच्या. दारातूनच त्यांनी माझे हात पाहिले. "पाटल्या दिसत नाहीत, वहिनी? का त्याही आणखी कुठं ठेवल्यात?" पाण्याचा पेला तसाच ठेवून गेल्या. तुमच्या दादांच्या चितेला ज्यांच्या घरानं अग्नी दिला, त्यांच्या लेखी आज मी चोर आहे.

तेव्हा आता ऐका. तुमच्या दादांनी मला याबद्दल गप्प राहायला सांगितलं होतं आणि मी राहिले होते. तुम्ही माझ्यावर घातलं नसतंत, तर सरणापर्यंत राहिले असते.

एकोणसत्तरच्या दिवाळीत, पाडव्याला, तुम्ही घड्याळ परत दिलंत आणि सरूला घेऊन रंकाळ्यावर गेलात. दादा ते घेऊन अंगणात उन्हात गेले. मी रांगोळीशी बसले होते. त्यांनी भिंग काढलं नाही, घड्याळ उघडलं नाही, एकदा इकडे फिरवून बघितलं, एकदा तिकडे. मग मनगटावरचं माझ्या वडिलांचं सोडलं आणि हिरवं बांधलं.

मी म्हटलं, "अहो, हे? हे तर कधी घालत नाही ना?"

"आता घालायला हरकत नाही," म्हणाले.

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! वाटलं, माणसाला अक्कल आली. आणलेली वस्तू वापरायची असते, हे एकदाचं कळलं. त्याच भरात तुमच्या पिशवीत मी डबाभर चिरोटे जास्तीचे भरले. माझ्या धाकट्या जावेला, श्यामलाला, आवडतात म्हणून.

त्या दिवसापासून ते घड्याळ घालून बाजारात गेले, आंघोळ केली, परसातलं तण भांगलायला बसले. मी ओरडायची, पाणी जाईल. ते म्हणायचे, जाऊ दे. पुढच्या आषाढात गगनबावड्याच्या कामावर होते. तिथला पाऊस तुम्हाला ठाऊक आहे, अंथरुणालाही बुरशी येते. परत आले तेव्हा काचेच्या आत तो हिरवा फुगला होता. दोन ठिकाणी टवका उडून पितळ दिसत होतं.

मी मॅट्रिक बाई. घड्याळातलं मला कळत नाही, तुम्ही म्हणालाच आहात. पण माझ्या आईच्या कुंकवाच्या करंड्यावर मीनाकाम होतं. तीन पिढ्यांची ओली बोटं लागली, रंगाचा कण हलला नव्हता. कोडोलीहून आणलेली तबकडीही तसल्याच मीनाकामाची, हे तेच सांगायचे, आणि भट्टीत भाजलेला रंग पाण्यानं फुगत नाही. मी त्यांच्यापुढं ताट ठेवलं आणि विचारलं.

"वसंतानं तबकडी बदलली," म्हणाले. "मला त्याच दिवशी दिसली."

"मग त्याच दिवशी बोलला का नाहीत?"

भात कालवत राहिले. मग म्हणाले, "बोललो असतो तर तो पुन्हा आला नसता. कुणाला बोलू नकोस."

ते न बोलताही तुम्ही आला नाहीत, भावजी. त्या पाडव्यानंतर या घरात एक दिवाळी तुम्ही केली नाहीत, एक गणपती नाही. ते खोटं घड्याळ ते हौसेनं मिरवत होते का? तुम्ही आलात तर तुमच्या डोळ्यांना दिसावं, की दादानं घातलं आहे, दादाला शंका नाही, असं त्यांच्या मनात होतं. पाच वर्षं मनगटावर बांधून वाट बघितली. शेवटी ते कानाशी धरून पडत होते. काय ऐकत होते कोण जाणे. किल्ली द्यायचं बळ त्यांना नव्हतं, मीच देत होते.

मला राग चोरीचा नाही इतका. माझ्या माणसानं तुमचं झाकायला स्वतःचा जीव जाळला आणि तुम्ही तेच झाकण काढून माझ्या डोक्यावर आपटलंत, त्याचा आहे. रुमालाची घडी उघडताच ओळखलंत ना की रंगवलेली आहे? ओळखणारच. तुमच्यासमोरच वाळली असेल.

कावळा शिवला तो त्यांनी तुम्हाला क्षमा केली म्हणून, की तुमची वस्तू तुम्हाला परत पोचवायची राहिली होती म्हणून, याचा विचार मी करून थकले.

यज्ञूभावजींना यातलं काही सांगितलेलं नाही. पण अष्टमीला ते इथं येतील आणि देवासमोर उभं करून मला विचारतील. विचारलं तर मी खोटं बोलणार नाही.

कालिंदी


कसबा बावडा,
ता. २४ नोव्हेंबर १९७४

वसंतभावजी,

पत्ता बदलला. दोन खोल्या आहेत, ऊन येतं. कारखाना सुरू झाला, मळीचा वास घरात भरून राहतो. सरूला मळमळतं, मला चालतो.

तुमचं रजिस्टर पार्सल जुन्या पत्त्यावर आलं होतं, केरबानं आणून दिलं. आत चिठ्ठी नव्हती. कापसात घड्याळ होतं.

मी ते दारात उन्हात नेलं. खोका तोच, मागचा ओरखडा तोच. तबकडी मात्र त्यांनी कोडोलीहून आणली होती ती. खरं सांगते, त्या वेळी मी ती कधी नीट पाहिलीच नव्हती. गजराचं घड्याळ गेलं याचाच राग होता. आता पाहिली. ऊन पडलं की आतून उजळते आणि सावलीत नेली की पाण्याखाली गेल्यासारखी गप्प होते. केरबा मागून म्हणाला, "सायबांचा तरवा!" आणि टोपीनं डोळे पुसायला लागला.

म्हणजे विकली नव्हतीत. पाच वर्षं तुमच्याच कपाटात होती. गरजेपोटी नेली असती तर मी देवाला तुमच्या वतीनं सांगितलं असतं. तुम्ही ती नुसती बघायला नेलीत. त्यांनी मागितल्यावर दिली नसती का तुम्हाला? तुम्ही मागितली नाहीत.

यज्ञूभावजी अष्टमीला आले होते. विचारलं, मी सांगितलं. जाताना ते माझ्या पाया पडले. वयानं मोठे असून. शालूजाऊबाईंनी परवा पाटभर शेवया पाठवल्या. तेव्हा हे पार्सल तुम्ही लाजेनं पाठवलंत की भीतीनं, ते अंबाबाईला माहीत. माझ्याकडे ते कळायचं साधन नाही.

सरू म्हणाली, "आई, आता पाटल्या सोडवता येतील." सराफांचंही माणूस येऊन गेलं. बातमी कशी लागते यांना! दोन दिवस घड्याळ देव्हाऱ्यात होतं. दोन दिवस माझं पूजेत लक्ष नव्हतं. तिसऱ्या दिवशी ठरलं.

ते मी तुम्हाला परत पाठवते आहे, याच टपालानं. तुळशीपत्र ठेवून दिलेलं आम्ही परत घेत नाही. पिंडासमोर शब्द गेला होता तो हिरव्या घड्याळाचा. मागे तो खोट्यावर फिटला, आज खऱ्यावर फिटला. परत पाठवून मोकळं व्हावं असं तुमच्या मनात आलेलं दिसतं. तसं होणार नाही. ते तुमचं आहे. दादांनी दिलेलं आहे. कुणी विचारलं तर तसंच सांगायचं, आणि घालायला हरकत नाही.

पाटल्यांवाचून माझं अडत नाही. रजिस्टरचा खर्च "किरकोळ"मध्ये लिहिला. त्यांनी वाचला असता तर हसले असते.

पहिल्या पत्रात आशीर्वाद शिल्लक ठेवला होता. तो श्यामलाला आणि मुलांना सांगा.

इथं स्वयंपाकघराच्या खिडकीशी शेवगा आहे. आज पहिल्यांदा भाताचा घास बाहेर ठेवला. हात मागे घेते तोच कावळा आला, खाल्लं, चोच पुसली आणि आणखी काही आहे का म्हणून माझ्याकडे बघत बसला. मी त्याला कसलंच वचन दिलं नव्हतं.

कालिंदी